बार्बारा, बारोको, बोकार्दो : तर्कशास्त्रातील पाठांतराची नावे

आज एका विचित्र शब्दमालेची ओळख करून द्यावयाची आहे. बार्बारा, केलारेन्त, दारिई, फेरिओ. हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. पहिला शब्द एखाद्या बाईच्या नावासारखा वाटतो. बाकीचे ऐकून कुणाला मंत्र आठवेल, कुणाला मुलांच्या खेळातील निरर्थक बडबड. युरोपातील विद्यापीठांत मात्र शेकडो वर्षे विद्यार्थी असे एकोणीस शब्द घोकत आले.

पाठांतराविषयी आपल्या घराघरांत दोन मते ऐकू येतात. आजी-आजोबा म्हणतात, पाढे आणि श्लोक तोंडपाठ हवेतच. तरुण आईवडील म्हणतात, पोपटपंची नको, मुलाला समजले पाहिजे. ह्या एकोणीस शब्दांची हकीकत ऐकली म्हणजे दोन्ही पक्षांस थोडेथोडे द्यावे लागते. कारण हे शब्द नुसते लक्षात ठेवण्यासाठी केलेले नाहीत. प्रत्येक शब्दाच्या पोटात एक पूर्ण कृती भरलेली आहे. किल्ली हाती असेल तर शब्द उघडतो आणि काम करतो. किल्ली हरवली की त्याचे ओझे होते.

शिक्षकांच्या प्रशिक्षणात पहिल्याच वर्षी सांगतात की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे. त्याप्रमाणे आपणही आपल्या ओळखीच्या काना-मात्रेपासून सुरुवात करू. ह्या लॅटिन नावांची किल्ली देवनागरी वाचणाऱ्याला विशेष सोपी जाते, ते कसे हे पुढे दिसेलच.

चार प्रकारची वाक्ये

ग्रीक तत्त्वज्ञ अरिस्टॉटल (इ. स. पूर्व ३८४ ते ३२२) याने माणसाच्या बोलण्यातील विधानांचे चार प्रकार पाडले. एका गटाविषयी आपण दुसऱ्या गटाच्या संबंधाने काही म्हणतो, तेव्हा ते पुढील चारांपैकी एक असते.

पहिला प्रकार, सर्वांविषयी होकार : सर्व नारळ फळे आहेत.
दुसरा प्रकार, सर्वांविषयी नकार : कोणताही नारळ दगड नाही.
तिसरा प्रकार, काहींविषयी होकार : काही नारळ कोवळे आहेत.
चौथा प्रकार, काहींविषयी नकार : काही नारळ कोवळे नाहीत.

मध्ययुगातील पंडितांनी ह्या चार प्रकारांना चार स्वर दिले. लॅटिन भाषेत ‘मी होकार देतो’ याला आफ्फिर्मो म्हणतात आणि ‘मी नकार देतो’ याला नेगो. फ्रेंचमधील आफिर्मे हे क्रियापद आपल्या मुलांच्या ओळखीचे आहेच. आफ्फिर्मो शब्दातील पहिले दोन स्वर आ आणि इ. ते झाले होकाराचे स्वर. नेगो शब्दातील स्वर ए आणि ओ. ते झाले नकाराचे. म्हणजे आ म्हटले की ‘सर्व आहेत’, ए म्हटले की ‘कोणीही नाही’, इ म्हटले की ‘काही आहेत’ आणि ओ म्हटले की ‘काही नाहीत’.

आता देवनागरीची गंमत पाहा. आपल्या लिपीत काना म्हणजे आ, मात्रा म्हणजे ए, वेलांटी म्हणजे इ आणि काना-मात्रा म्हणजे ओ. म्हणून ही नावे आपल्या लिपीत लिहिली की डोळ्यांनाच अर्थ दिसू लागतो. बार्बारा : तीन काने, म्हणजे तिन्ही वाक्ये ‘सर्व आहेत’ अशी. केलारेन्त : मात्रा, काना, मात्रा. फेरिओ : मात्रा, वेलांटी, काना-मात्रा. ह्रस्व-दीर्घाचा येथे संबंध नाही. नावाच्या शेवटी व्यंजन आले तर ते हलन्त समजावे.

मध्यस्थाची जागा

तीन वाक्ये का? कारण अरिस्टॉटलने ज्या अनुमानाचा अभ्यास केला, ज्याला मराठी तर्कशास्त्राच्या पुस्तकांत संवाक्य म्हणतात, त्यात दोन आधार असतात आणि त्यांवरून तिसरा निष्कर्ष निघतो. उदाहरणार्थ :

सर्व सस्तन प्राणी हवेत श्वास घेतात.
सर्व डॉल्फिन सस्तन प्राणी आहेत.
म्हणून सर्व डॉल्फिन हवेत श्वास घेतात.

ही झाली बार्बारा. येथे ‘सस्तन प्राणी’ हे पद दोन्ही आधारांत आहे, निष्कर्षात मात्र नाही. त्याला मध्यपद म्हणतात. लग्नातील मध्यस्थासारखे त्याचे काम असते. दोन्ही घरी त्याची ओळख असते, तो दोघांची गाठ घालून देतो आणि संसार सुरू झाला की निघून जातो.

हा मध्यस्थ चार प्रकारे बसू शकतो. पहिल्या आधारात तो वाक्याच्या आरंभी आणि दुसऱ्यात शेवटी असेल तर ती पहिली आकृती. दोन्हींत शेवटी असेल तर दुसरी. दोन्हींत आरंभी असेल तर तिसरी. पहिल्यात शेवटी आणि दुसऱ्यात आरंभी असेल तर चौथी. अरिस्टॉटलने पहिल्या तीनच आकृत्या वेगळ्या मांडल्या, चौथी पुढच्या पंडितांनी स्वतंत्र केली.

आता गणित करू. तीन जागा, प्रत्येक जागी चारपैकी एक प्रकारचे वाक्य, म्हणजे ६४ प्रकार. मध्यस्थाच्या चार बैठकी धरल्या की २५६. त्यांपैकी किती ठिकाणी आधार खरे असल्यास निष्कर्ष खरा असलाच पाहिजे? फक्त २४ ठिकाणी. त्यांतही ५ असे आहेत की जेथे ‘सर्व’ किंवा ‘कोणीही नाही’ म्हणता येत असताना उगाच ‘काही’ म्हटलेले असते. ते वगळले की उरतात १९. ह्या एकोणिसांना नावे दिलेली आहेत.

पहिल्या आकृतीत बार्बारा, केलारेन्त, दारिई आणि फेरिओ. दुसरीत केसारे, कामेस्त्रेस, फेस्तिनो आणि बारोको. तिसरीत दाराप्ति, दिसामिस, दातिसि, फेलाप्तोन, बोकार्दो आणि फेरिसोन. चौथीत ब्रामान्तिप, कामेनेस, दिमारिस, फेसापो आणि फ्रेसिसोन. चौथीतील काही नावांचे उच्चार निरनिराळ्या पुस्तकांत थोडे वेगळे आढळतात.

इंग्रजी शाळेत शिकलेला वाचक केलारेन्तला सेलारेन्त म्हणेल. आपण जुन्या लॅटिनप्रमाणे सगळीकडे क म्हणू, कारण पुढे ह्या व्यंजनांचेच काम आहे.

ही नावे कोणी केली?

ही नावे अरिस्टॉटलची नव्हेत. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम ऑफ शेरवुड नावाचा तर्कशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याच्या पाठ्यपुस्तकात ही नावे पद्यात गुंफलेली सापडतात. त्याच शतकातील पीटर ऑफ स्पेन याच्या पुस्तकातही ती आहेत, आणि ते पुस्तक तर पुढे काही शतके युरोपभर शिकविले जात होते. हा पीटर म्हणजेच १२७७ साली छत कोसळून मरण पावलेला पोप एकविसावा जॉन, असे दीर्घकाळ मानले जाई. आजचे सर्व अभ्यासक ते मान्य करीत नाहीत.

त्या काळी छापखाना नव्हता. पुस्तक हाताने उतरवून घ्यावे लागे आणि ते गरीब विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसे. वादविवाद तोंडी होत. समोरच्याने तीन वाक्ये टाकली की ती टिकतात की नाही हे तिथल्या तिथे सांगावे लागे. वही उघडून पाहण्याची सोय नाही. अशा वेळी तोंडात असलेला शब्दच हत्यार होय.

आपल्याकडे याची आठवण करून देणारी गोष्ट आहे. वृत्तांचे गण लक्षात ठेवण्यासाठी ‘यमाताराजभानसलगम्’ हा शब्द ज्यांनी शाळेत पाठ केला असेल त्यांना हे पटेल. य गण हवा असेल तर य पासून तीन अक्षरे घ्या : य, मा, ता. पहिले लघु, पुढची दोन गुरू. गणाचे नाव आणि गणाचे रूप एकाच ठिकाणी. शब्दाचा अर्थ विचारला तर काही नाही, आणि तरी आठही गण त्यात आहेत. बार्बारा-केलारेन्तची जात हीच. लॅटिन नावे मात्र आणखी एक पाऊल पुढे जातात. ती नुसते रूप सांगून थांबत नाहीत, ते रूप सिद्ध कसे करावे हेही सांगतात.

व्यंजनांची कामगिरी

अरिस्टॉटलच्या मते पहिल्या आकृतीतील चार प्रकार स्वयंस्पष्ट आहेत. डोळ्यांसमोर ठेवले की पटतात. बाकीचे तितके सरळ दिसत नाहीत, म्हणून त्यांची उलटापालट करून त्यांना पहिल्या आकृतीत आणून दाखवावे लागते. ही उलटापालट कशी करावयाची ते व्यंजने सांगतात.

नावाचे पहिले अक्षर घर दाखविते. ब ने सुरू होणारी सर्व नावे बार्बाराच्या घरी जातात, क ची केलारेन्तच्या, द ची दारिईच्या आणि फ ची फेरिओच्या. नावाच्या आत स, प, म किंवा क आले तर त्या जागी काय करावे याची ती आज्ञा असते. र, ल, त, न ही अक्षरे केवळ उच्चार जुळविण्यासाठी आहेत.

ह्या चार आज्ञा मूळ लॅटिन शब्दांच्या आद्याक्षरांवरून घेतलेल्या आहेत, पण आपल्या भाषेतही त्या बेमालूम बसविता येतात. मी त्या अशा लावतो. स म्हणजे साधी अदलाबदल. प म्हणजे परिमित अदलाबदल. म म्हणजे मागेपुढे. क म्हणजे कोंडी.

साधी अदलाबदल पाहा. ‘कोणताही नारळ दगड नाही’ हे उलटे केले तर ‘कोणताही दगड नारळ नाही’. अर्थ तोच राहिला. ‘काही शिक्षक गायक आहेत’ हेही ‘काही गायक शिक्षक आहेत’ असे उलटते. पण ‘सर्व नारळ फळे आहेत’ हे उलटून ‘सर्व फळे नारळ आहेत’ म्हणाल तर बाजारात हसे होईल. तेथे फक्त ‘काही फळे नारळ आहेत’ एवढेच म्हणता येते. ‘सर्व’चे ‘काही’ झाले, म्हणून ती परिमित. ‘काही प्राणी मांजरे नाहीत’ हे तर मुळीच उलटत नाही, कारण ‘काही मांजरे प्राणी नाहीत’ हे धडधडीत खोटे आहे.

आता केसारे घ्या.

कोणताही मासा सस्तन प्राणी नाही.
सर्व डॉल्फिन सस्तन प्राणी आहेत.
म्हणून कोणताही डॉल्फिन मासा नाही.

स्वर पाहा : मात्रा, काना, मात्रा. पहिल्या मात्रेनंतर स आहे, म्हणून पहिल्या वाक्याची साधी अदलाबदल करा : ‘कोणताही सस्तन प्राणी मासा नाही.’ लगेच मध्यस्थ पहिल्या आकृतीच्या जागी येऊन बसला आणि आपण केलारेन्तच्या घरी पोहोचलो. क चे नाव क च्या घरी गेले.

प चे उदाहरण आपल्याच बेटावरून देतो.

कोणताही डोडो उडू शकत नव्हता.
सर्व डोडो पक्षी होते.
म्हणून काही पक्षी उडू न शकणारे होते.

हा फेलाप्तोन. दुसऱ्या स्वरानंतर प आहे, म्हणून दुसरे वाक्य परिमित करून उलटा : ‘काही पक्षी डोडो होते.’ झाला फेरिओ.

कोंडी आणि तुरुंग

क ची आज्ञा फक्त दोन नावांत आहे, बारोको आणि बोकार्दो. दोघांतही ‘काही नाहीत’ असे एक आधारवाक्य आहे, आणि ते उलटत नाही हे आपण पाहिले. उरलेले ‘सर्व’ उलटावे तर त्याचे ‘काही’ होते, आणि दोन ‘काही’ एकत्र करून काहीच हाती लागत नाही. मग पंडितांनी प्रतिपक्षाची कोंडी करण्याचा मार्ग धरला. समजा, एखाद्या गावच्या बाजारात असे आहे :

परवाना असलेले सर्व विक्रेते बिल्ला लावतात.
ह्या बाजारातील काही विक्रेते बिल्ला लावीत नाहीत.
म्हणून ह्या बाजारातील काही विक्रेत्यांकडे परवाना नाही.

हा बारोको. कुणी निष्कर्ष नाकारला तर त्याला म्हणावे : ठीक आहे, तुझे मान्य. बाजारातील सर्व विक्रेत्यांकडे परवाना आहे. परवाना असलेले सर्व बिल्ला लावतात हे तूच कबूल केलेस. मग बार्बाराप्रमाणे बाजारातील सर्वच बिल्ला लावतात. पण काही लावीत नाहीत, हेही तू कबूल केले आहेस. आता कोणते सोडतोस? प्रतिपक्षाला वाट उरत नाही.

ऑक्सफर्ड शहराच्या उत्तर वेशीवर पूर्वी एक तुरुंग होता. त्याचे नाव बोकार्दो. लॅटिमर, रिडली आणि क्रॅन्मर ह्या तीन धर्मगुरूंना तेथे ठेवले होते. पहिल्या दोघांना १५५५ साली आणि क्रॅन्मरला १५५६ साली जिवंत जाळण्यात आले. ती वेस १७७१ साली पाडली गेली. ज्या संवाक्यातून सुटणे कठीण त्याचेच नाव विद्यार्थ्यांनी तुरुंगाला दिले, असे सांगतात.

शेवटचा स्वर काय सांगतो

येथवर वाचून कुणी म्हणेल, मास्तर, हे सगळे जुन्या पंडितांचे खेळ झाले. आम्हाला याचा उपयोग काय? उपयोग सांगतो. नावांचे फक्त शेवटचे स्वर पाहा.

दुसऱ्या आकृतीतील चार नावे : केसारे, कामेस्त्रेस, फेस्तिनो, बारोको. शेवटी ए, ए, ओ, ओ. चारही नकार. म्हणजे मध्यस्थ दोन्ही वाक्यांच्या शेवटी बसला असेल तर होकाराचा निष्कर्ष कधीच निघत नाही. आता शिक्षकांच्या खोलीत कुठेही ऐकू येईल असे हे बोलणे तपासा :

ज्यांना धडा समजला नाही ती सर्व मुले गप्प बसतात.
ही मुलगी गप्प बसते.
म्हणून हिला धडा समजलेला नाही.

ऐकताना किती सरळ वाटते! पण ‘गप्प बसणारी’ हा मध्यस्थ दोन्हीकडे शेवटी आहे आणि निष्कर्ष होकाराचा काढला आहे. (एका व्यक्तीविषयीचे वाक्य जुने पंडित ‘सर्व’ ह्या प्रकारात धरीत, कारण तिच्यापुरती ती संपूर्णच असते.) दुसऱ्या आकृतीत तीन काने असलेले नावच नाही. नाव नाही म्हणजे पूल नाही. मुलगी लाजाळू असेल, घरी वेगळी भाषा बोलत असेल, किंवा तिला सारे आधीच कळलेले असेल. पण एकदा ‘हिला समजत नाही’ असा शिक्का बसला की तिला मागच्या बाकावर जावे लागते, प्रश्न विचारणे थांबते, आणि मग खरोखरच तिला समजेनासे होते. एका चुकलेल्या ‘म्हणून’ची ही किंमत आहे.

त्याच आकृतीत योग्य वाट कोणती? कामेस्त्रेस.

धडा न समजलेली सर्व मुले ह्या गणितात अडतात.
ही मुलगी ह्या गणितात अडत नाही.
म्हणून ही धडा न समजलेल्यांपैकी नाही.

काना, मात्रा, मात्रा. हे पक्के आहे. मात्र ते वापरण्यासाठी शिक्षकाला उठून त्या मुलीच्या हाती एक गणित द्यावे लागते. दुरून पाहून शिक्का मारता येत नाही.

आता तिसऱ्या आकृतीकडे वळा. तेथील सहा नावांचे शेवटचे स्वर इ, इ, इ, ओ, ओ, ओ. सहाही ‘काही’. मध्यस्थ दोन्ही वाक्यांच्या आरंभी असेल तर ‘सर्व’ असा निष्कर्ष कधीच निघत नाही. ‘हे तिघे भाऊ भांडखोर आहेत. हे तिघे भाऊ अमुक गावचे आहेत. म्हणून अमुक गावचे लोक भांडखोर.’ असे बोलणे पारावर, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात आपण सर्वांनी ऐकले आहे. दाराप्ति एवढेच म्हणू देते की त्या गावचे काही लोक भांडखोर आहेत, आणि ते ‘काही’ म्हणजे हे तिघेच असू शकतील. जेथे निरनिराळ्या पूर्वजांची, भाषांची आणि धर्मांची माणसे शेजारी शेजारी राहतात, तेथे ‘काही’चे ‘सर्व’ होऊ न देणे ही शेजारधर्माची गोष्ट आहे.

किल्ली हरवली तेव्हा

सोळाव्या शतकापर्यंत ह्या नावांची अवस्था वाईट झाली होती. विद्यार्थी ती घोकत, परंतु पुष्कळांना त्यांचे प्रयोजन ठाऊक नसे. फ्रेंच लेखक मोंतेन्य याने मुलांच्या शिक्षणावरील आपल्या निबंधात बारोकोसारख्या शब्दांची टर उडविली आहे. त्याचे निबंध प्रथम १५८० साली छापले गेले. तत्त्वज्ञानाचा चेहरा मुळात प्रसन्न, तो अशा घोकंपट्टीने काळवंडला, असा त्याचा रोख होता. त्याचा राग रास्त होता, कारण त्याने किल्ली नसलेली कुलुपेच पाहिली असावीत.

उलट, एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणिती ऑगस्टस डी मॉर्गन, ज्याचा जन्म १८०६ साली आपल्या भारतात मदुराई येथे झाला, त्याने १८४७ च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात ह्याच नावांची तोंड भरून स्तुती केली. इतका अर्थ भरलेले शब्द दुसरे कधी कोणी बनविले नसतील, असे त्याचे मत. शब्द तेच. एकाला भुसा दिसला, दुसऱ्याला धान्य.

पुढे तर्कशास्त्र फार वाढले. १८८० साली जॉन व्हेन याने वर्तुळे काढून अनुमान तपासण्याची रीत मांडली, आणि आज मुले गणिताच्या तासाला तीच वर्तुळे काढतात. आधुनिक तर्कशास्त्राने जुन्या यादीवर एक आक्षेपही घेतला. फेलाप्तोनमध्ये डोडोच्या जागी पंख असलेला घोडा ठेवून पाहा. ‘पंख असलेला कोणताही घोडा पोहत नाही. पंख असलेले सर्व घोडे हे घोडेच आहेत. म्हणून काही घोडे पोहत नाहीत.’ पंख असलेला घोडा जगात नाहीच, म्हणून त्याच्याविषयीचे पहिले विधान खोटे ठरविण्यास एकही उदाहरण मिळत नाही. आणि अशा नसलेल्या घोड्यांच्या साक्षीवरून आपण खऱ्या घोड्यांविषयी निकाल दिला! म्हणून आजचे तर्कशास्त्र म्हणते की ज्याच्याविषयी बोलता ते अस्तित्वात आहे हे आधी सांगा. ही अट घातली नाही तर २४ पैकी १५ च प्रकार टिकतात.

एकोणीस नावांपैकी ह्या आक्षेपात कोणती सापडतात? दाराप्ति, फेलाप्तोन, ब्रामान्तिप आणि फेसापो. चौघांच्याही पोटात प आहे, आणि बाकीच्या पंधरांत कुठेही प नाही. ‘सर्व’वरून ‘काही’वर उतरण्याची जी पायरी, तीच धोक्याची पायरी, आणि शब्द करणाऱ्याने सातशे वर्षांपूर्वी नेमक्या तिथेच खूण करून ठेवली होती. पाठांतर चांगले रचलेले असले म्हणजे रचणाऱ्याच्या मनात नसलेल्या प्रश्नालाही ते उत्तर देते.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. बार्बारा वाक्ये जोडून देते, वाक्ये खरी आहेत की नाहीत ते पाहत नाही. ‘सर्व कडू औषधे गुणकारी असतात. हे औषध कडू आहे. म्हणून हे गुणकारी आहे.’ ही निर्दोष बार्बारा आहे, आणि तरी असे औषध घेऊ नये, कारण पहिलेच वाक्य खोटे आहे. आपल्या न्यायशास्त्राच्या पंडितांनी अनुमानाची पाच अंगे सांगितली : प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, एवढे म्हणून ते थांबत नाहीत. जेथे धूर तेथे अग्नी, हे स्वयंपाकघरात पाहिले आहे, असे उदाहरण द्यावे लागते. जोडणी तपासावयाला बार्बाराची मंडळी घ्यावी आणि माल तपासावयाला उदाहरण मागावे. दोन्ही सवयी एका घरात सुखाने नांदू शकतात.

तेव्हा पाठांतर हवे की नको, ह्या वादात माझे म्हणणे थोडक्यात असे. मुलांना पाठ करायला जरूर द्यावे, पण पाठ केलेल्या गोष्टीची किल्ली त्याच आठवड्यात हाती द्यावी. आणि एकोणीस नावे कुणाला पाठ करावयाची नसतील तर निदान दोन शेवट लक्षात ठेवावेत : दुसरीत नेहमी नकार, तिसरीत नेहमी काही. घरात एखादा जोराचा ‘म्हणून’ ऐकू आला की कागदावर तीन ओळी लिहाव्यात, मध्यस्थ कोण ते शोधावे, तो कुठे बसला आहे ते पाहावे आणि मगच निकाल द्यावा. मुलांबरोबर हे करून पाहा. त्यांना यात खेळाची मौज वाटते, आणि मोठ्यांचे ‘म्हणून’ पकडण्यात तर विशेषच.